वैमानिक सरखेल

नालासोपाऱ्याच्या स्थानकावर उतरून पश्चिमेस सोपारा गावाच्या वाटेने निघालेल्या मनुष्यास आज समुद्र कोठेच दिसत नाही. दिसतात त्या इमारती, दुकाने आणि माणसांची अखंड वर्दळ. तथापि हेच ते प्राचीन शूर्पारक. ग्रीक भाषेतील 'पेरिप्लस' नामक दर्यावर्दी वाटाड्यात ज्याचे नाव आढळते, ज्याच्या स्तूपाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले, आणि जेथे अशोकाच्या शिलाशासनाचा तुकडा हाती लागला, ते हे बंदर. पुढे खाडी गाळाने भरली, मोठ्या गलबतांची ये-जा खुंटली आणि समुद्र गावापासून दूर झाला. परंतु गाळ केवळ खाडीतच साचतो असे नाही. तो समाजाच्या स्मृतीतही साचतो. सिंहगड आणि पानिपत यांच्या कथा आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असतात. समुद्रावर कोण लढले आणि कशासाठी लढले, हे विचारले तर सुशिक्षित गृहस्थही क्षणभर थांबतात. म्हणून आज आम्ही एका दर्यासारंगाचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. हा दर्यासारंग प्रथम वैमानिक होता, हे त्यातील पहिले आश्चर्य. आणि त्याचे शौर्यपदक त्यास समुद्रावर नव्हे, तर समुद्रापासून शेकडो कोस दूर, पंजाबच्या आकाशात मिळाले, हे दुसरे. त्यांचे नाव ॲडमिरल अरुण प्रकाश.

परंतु त्यांच्याकडे वळण्यापूर्वी वाचकांस आमच्याबरोबर थोडे वसईस यावे लागेल; कारण या चरित्राचे मर्म आम्हांस तेथेच उमगले.

सोपाऱ्यापासून तीन-चार कोसांच्या आत एकीकडे वसईचा किल्ला आहे आणि दुसरीकडे अर्नाळ्याचा जलदुर्ग. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. सुरुंग, खिंडारे, निकराचे हल्ले यांची वर्णने आपण वाचतो आणि आपला ऊर भरून येतो. पण त्या विजयाची पूर्वतयारी पाहू लागल्यास वेगळेच काही दिसते. तीन बाजूंनी पाणी असलेल्या त्या किल्ल्याला जमिनीवरील वेढ्याने उपाशी मारणे शक्य नव्हते. म्हणून १७३७ साली अर्नाळा घेण्यात आला, आणि पुढे वेसावे व धारावी ही खाड्यांच्या मुखाजवळची ठाणी पडली. जमीन आणि पाणी यांचा एकच विचार झाला, तेव्हा वसई हाती आली.

आता या चित्राच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावे. सतराच वर्षांनंतर, १७५६ च्या फेब्रुवारीत, विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. समुद्राकडून वॉटसन आणि क्लाइव्ह यांची जहाजे तोफा डागीत होती, आणि जमिनीकडून त्यांना साथ पेशव्यांच्या फौजेची होती! तुळाजीचा उद्दामपणा खरा, पेशव्यांचा रागही समजण्यासारखा; दोष एकाच बाजूस घालणे न्यायाचे होणार नाही. परंतु हिशेब मांडला तर निष्पत्ती एकच निघते. कान्होजी आंग्र्यांनी उभारलेली समुद्रावरील सत्ता मराठ्यांनीच परक्यांच्या मदतीने बुडविली. पुढे १८०२ च्या डिसेंबरात दुसरा बाजीराव इंग्रजांच्या गलबताच्या आश्रयाने वसईस आला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्याने तहावर सही केली. ज्या वसईने भू आणि जल यांच्या ऐक्याचे फळ दाखविले, त्याच वसईने त्यांच्या फारकतीचे प्रायश्चित्तही पाहिले.

आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग होय, असे तत्त्व आज्ञापत्राने अठराव्या शतकाच्या आरंभीच सांगून ठेवले होते. या तत्त्वात दोन शब्द आहेत. आरमार 'स्वतंत्र' आहे, कारण त्याची विद्या, त्याची हत्यारे आणि त्याची माणसे वेगळी. पण ते 'अंग'ही आहे, म्हणजे एकाच देहाचा भाग. आमच्या पूर्वजांनी पहिला शब्द लक्षात ठेवला आणि दुसरा विसरले. हा दुसरा शब्द स्वतंत्र भारताने कितपत लक्षात ठेवला, हे पाहण्यास अरुण प्रकाश यांच्या चरित्राइतके चांगले साधन आम्हांस दुसरे आढळले नाही.

त्यांचा जन्म १९४४ सालचा, काश्मिरातील. त्यांचे आरंभीचे लष्करी शिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत झाले, आणि १९६६ च्या आरंभी ते नौदलात अधिकारी झाले. नौदलात शिरून त्यांनी जो मार्ग निवडला, तो वैमानिकाचा. नौदलास विमाने कशाला, असा प्रश्न कित्येकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे, की जहाजावरील निरीक्षकाची दृष्टी क्षितिजाशी थांबते. विमान उडाले की ती शेकडो मैल पुढे जाते. शत्रूला आपण आधी पाहावे आणि आपल्या तोफांच्या टप्प्याबाहेरच त्याला गाठावे, हे विमानामुळे साधते. म्हणून विमाने वाहून नेणारे जहाज म्हणजे चालता-फिरता विमानतळच होय. असे पहिले जहाज 'विक्रांत' १९६१ च्या मार्चमध्ये बेलफास्ट येथे भारतीय नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईस आले. त्याच्यावर पहिले जेट विमान उतरविणारे भारतीय वैमानिक रा. ह. तहिलियानी हे पुढे १९८४ मध्ये नौदलप्रमुख झाले. मुंबईच्या धक्क्यावर ही 'विक्रांत' संग्रहालयाच्या रूपाने उभी असता आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ती मुलाबाळांसह पाहिली असेल. १९९७ साली ती सेवेतून निवृत्त झाली आणि २०१४ मध्ये मोडीत निघाली.

त्या जहाजाची लांबी सुमारे सातशे फूट. जमिनीवरील धावपट्टी याच्या कित्येक पट लांब असते, आणि शिवाय ती हलत नाही. जहाजाची पाठ लाटांबरोबर वर-खाली होते, डावी-उजवीकडे झुकते आणि विमान तिच्याजवळ येईपर्यंत जहाज स्वतः पुढे सरकलेले असते. उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीखाली एक आकडा लोंबत असतो. जहाजाच्या पाठीवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत तो अडकला पाहिजे. अडकला तर विमान काही क्षणांत थांबते. न अडकला तर वैमानिकाने तत्क्षणी पुन्हा आकाशात झेप घ्यावयाची, नाही तर समोर समुद्र. म्हणून वैमानिक जहाजाला टेकताना यंत्राचा वेग कमी करीत नाही, उलट वाढवितो. थांबावयाचे असताना निघण्याची तयारी ठेवणे, ही या विद्येची रीत आहे. आणि रात्रीच्या वेळी तर तिच्यातील कठीणपणा दुणावतो. येथे 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ वाचकांच्या ध्यानात यावा. ही विद्या पायदळाच्या किंवा वायुदलाच्या अधिकाऱ्यास केवळ हुकूम देऊन येणारी नव्हे.

१९७१ चे युद्ध पेटले तेव्हा 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात होती. डिसेंबरच्या ४ तारखेपासून तिच्यावरील विमानांनी कॉक्सबाजार, चितगाव इत्यादी बंदरांवर हल्ले चढविले. त्या वैमानिकांचे नायक संतोषकुमार गुप्ता यांना महावीरचक्र मिळाले आणि पुढे तेही रिअर ॲडमिरलच्या पदास पोहोचले. नौदलाच्या तरुण वैमानिकाने या वेळी असावे तर याच जहाजावर, असे कोणालाही वाटेल. परंतु लेफ्टनंट अरुण प्रकाश त्या वेळी वायुदलात उसनवारीने गेले होते. वायुदलाच्या विसाव्या स्क्वॉड्रनमध्ये ते 'हंटर' जातीचे लढाऊ विमान चालवीत, आणि त्या तुकडीचे ठाणे होते पठाणकोट. अंगावर पोशाख एका दलाचा, हाताखाली विमान दुसऱ्या दलाचे आणि पायाखाली समुद्राऐवजी पंचनद्यांचा प्रदेश, अशी ती अवस्था.

युद्धाच्या पहिल्याच दिवसांत या तुकडीने रावळपिंडीजवळच्या चकलाला विमानतळावर धाड घातली. शत्रूच्या प्रदेशात खोल शिरावयाचे, जमिनीला लागून उडावयाचे, इंधनाचा हिशेब असा की माघारी येताना एक वळण जास्त घेण्याचीही मुभा नाही; आणि विमानतळाभोवती तोफा सज्ज. या व अशाच अन्य हल्ल्यांतील कामगिरीबद्दल अरुण प्रकाश यांना वीरचक्र देण्यात आले. युद्धकाळातील शौर्यासाठी परमवीर, महावीर आणि वीर अशी जी तीन चक्रे आहेत, त्यांपैकी हे तिसरे.

चकलालाच्या धाडीची एक गंमतीची शेपटीही आहे. चक येगर हे अमेरिकन वैमानिक १९४७ साली ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उड्डाण करून जगप्रसिद्ध झाले होते. १९७१ मध्ये ते पाकिस्तानात अमेरिकेचे लष्करी प्रतिनिधी म्हणून राहत. त्यांच्या दिमतीचे एक लहान विमान चकलाला येथे उभे होते, ते भारतीय विमानांच्या माऱ्यात नष्ट झाले. येगर यांना त्याचा अतिशय संताप आला. त्या आकाशात ज्या वैमानिकाने तोफा डागल्या होत्या, त्याने पुढे वयोवृद्ध झाल्यावर ही हकिकत मिस्किलपणे लिहून काढली. शौर्याबरोबर स्वतःकडे हसून पाहण्याची वृत्ती ज्याच्यापाशी असते, त्याच्या हाती अधिकार सुरक्षित राहतो, असा आमचा अनुभव आहे.

पदक मिळाले, येथवर कथा नेहमीच्या वळणाची झाली. पदक एका घटकेच्या धैर्यास मिळते. सेनापतिपद अनेक वर्षांच्या विवेकास मिळावे लागते, आणि पहिल्याच्या पोटी दुसरे येतेच असे नाही. इतिहासात शूर शिलेदार पुष्कळ, चिमाजी आप्पा थोडे. म्हणून १९७१ नंतर या मनुष्याने काय केले, हेच आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस 'विक्रांत'वरील विमाने जुनी झाली होती. त्यांच्या जागी 'सी हॅरियर' ही ब्रिटिश विमाने घेण्याचा करार १९७९ साली झाला. या विमानाच्या यंत्राची मुखे खाली वळविता येतात, त्यामुळे ते हवेत जागच्या जागी तरंगते आणि सरळ खाली उतरते. आकडा नको, तार नको. पण तरंगत्या विमानाला हलत्या जहाजाशी जुळवून घेण्याचे कौशल्य नवे. १९८२ च्या फॉकलंडच्या युद्धात या विमानांनी आपली योग्यता सिद्ध केली. त्यांच्या पहिल्या भारतीय तुकडीचे नायकत्व अरुण प्रकाश यांच्याकडे आले, आणि १९८३ च्या डिसेंबरात त्यांनी पहिली विमाने ब्रिटनहून मजल-दरमजल करीत गोव्यातील दाबोळी येथे आणली. हीच विमाने पुढे 'विराट' या दुसऱ्या विमानवाहू जहाजावरून उडत राहिली आणि २०१६ साली निवृत्त झाली. अरुण प्रकाश यांनी त्या 'विराट'चेही आधिपत्य केले, आणि रिअर ॲडमिरल झाल्यावर पूर्वेकडील ताफ्याचेही. वैमानिकाचा कप्तान आणि कप्तानाचा दर्यासारंग असा हा क्रम झाला.

त्यानंतर ते पुन्हा खडकवासल्यास आले, ते आता प्रबोधिनीचे प्रमुख म्हणून. पुण्याच्या उशाशी असलेली ही संस्था आपण सहलीच्या वेळी दुरून पाहतो. तिचे वैशिष्ट्य मात्र फारसे ध्यानात घेत नाही. पुढे भूदल, नौदल आणि वायुदल यांत जाणारे तरुण येथे तीन वर्षे एकत्र राहतात. एकाच पंगतीला जेवणाऱ्यांनी पुढे एकमेकांस परके समजू नये, हा तिच्या स्थापनेमागील हेतू. हेतू उत्तम, पण खडकवासला सोडताच प्रत्येक दलाच्या भिंती आपापल्या जागी उभ्या होत्याच.

या भिंतींची किंमत देशाने मोजलेली आहे. १९६२ साली चीनशी झालेल्या युद्धात वायुदलाची लढाऊ विमाने मारा करण्यासाठी वापरलीच गेली नाहीत. सैनिक हिमालयात झुंजत राहिले. १९६५ साली भूदल आणि वायुदल लढत असता नौदलास पोरबंदरच्या उत्तरेस चढाई करू नये असे बजावण्यात आले. 'विक्रांत' दुरुस्तीसाठी गोदीत होती, आणि ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या. त्या वेळचे नौदलप्रमुख होते व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण. समोर शत्रूचे आरमार असता हात बांधून बसण्याचा प्रसंग एका दर्यावर्द्यावर आला, याचे शल्य किती असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. या दोन्ही प्रसंगी शौर्याची उणीव नव्हती. उणीव होती ती सर्व अंगे मिळून देह एक आहे, या जाणिवेची. १९७१ साली ही जाणीव पुष्कळ अंशी आली, आणि विजयही आला.

२००१ साली, कारगिल युद्धाच्या अनुभवानंतर, अंदमान-निकोबार बेटांवर देशातील पहिले संयुक्त आधिपत्य स्थापन झाले. भूदल, नौदल, वायुदल आणि तटरक्षक दल यांच्या तेथील तुकड्या प्रथमच एका सेनापतीच्या हुकमाखाली आल्या. त्याचे पहिले सेनापती व्हाइस ॲडमिरल अरुण प्रकाश. वीस-बावीस वर्षांपूर्वी विजयदुर्गाचा इतिहास वाचताना आमच्या मनात जो प्रश्न घोळत होता, त्याचे प्रत्यक्षातील उत्तर आम्हांस या नेमणुकीत दिसले. ज्याला वीरचक्र वायुदलाच्या विमानात मिळाले, त्या नौदल-अधिकाऱ्यास दुसऱ्या दलाची भाषा निराळी शिकविण्याची गरज नव्हती. पठाणकोटच्या तंबूत ती त्याने प्राण पणाला लावून शिकली होती.

या रचनेची कसोटी लवकरच लागली. २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामीचा प्रलय झाला. कार निकोबारचा वायुदलाचा तळ उद्ध्वस्त झाला. बेटांवरील गावे वाहून गेली. त्या समयी अरुण प्रकाश नौदलप्रमुख होते. ३१ जुलै २००४ पासून ३१ ऑक्टोबर २००६ पर्यंत ते त्या पदावर राहिले. स्वतःचा किनारा घायाळ असतानाही भारतीय जहाजे आणि विमाने श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशिया यांच्या मदतीस तातडीने निघाली. २००६ च्या जुलैत लेबनॉनमध्ये युद्ध भडकले तेव्हा तेथे अडकलेल्या भारतीयांस, आणि त्यांच्याबरोबर शेजारी देशांच्या नागरिकांसही, आपल्या नौदलाने सुखरूप बाहेर काढले. आरमार केवळ बुडविण्यासाठी नसते, तारण्यासाठीही असते, हे या दोन प्रसंगांनी दाखविले.

२००५ ते २००६ या काळात तिन्ही दलप्रमुखांच्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. पण हे अध्यक्षपद ज्येष्ठतेच्या क्रमाने येई, आणि अध्यक्षास अन्य दोन दलांवर हुकमत नसे. तिन्ही दलांना एक प्रमुख असावा ही सूचना २००१ सालीच मंत्रिगटाने केली होती. ती अमलात आली १ जानेवारी २०२० रोजी, जनरल बिपिन रावत यांच्या नेमणुकीने. मध्ये अठरा-एकोणीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर गोव्यात राहून अरुण प्रकाश यांनी वृत्तपत्रांतून या विलंबाविषयी स्पष्ट शब्दांत लिहिले, आणि त्यात स्वतःच्या दलाचीही भीड ठेवली नाही. तलवार म्यान केल्यावर लेखणी उपसणारे सेनापती आपल्याकडे विरळाच.

येथे एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेणे भाग आहे. प्रत्येक दलाची विद्या वेगळी असता त्यांस एकाच दोरीने बांधले, तर त्या विद्येची हानी होणार नाही काय? ज्याने जहाज कधी पाहिले नाही, त्याने जहाजास हुकूम द्यावा काय? आक्षेप पोकळ नाही. तुळाजी आंग्र्यांसही बहुधा हेच वाटत असावे, की पुण्याच्या कारभाऱ्यांस समुद्र काय कळणार. परंतु त्याचे उत्तर आम्ही वर वर्णिलेल्या त्या आकड्यात आणि तारेतच आहे. हलत्या जहाजावर विमान उतरविणारा मनुष्य दोन विद्या जाणतो. त्याला वाऱ्याची भाषा येते आणि पाण्याचीही. पण एकीसाठी त्याने दुसरी सोडलेली नसते. संयुक्त सेनापतित्वाचा अर्थ विद्या पुसून टाकणे असा नसून एकाची विद्या दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशी व्यवस्था करणे असा आहे. उजव्या हाताने डाव्याचे काम करावे असे कोणी म्हणत नाही. उजव्याने डाव्याचे बोट कापू नये, एवढेच म्हणणे आहे. १७५६ साली नेमके तेच झाले.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीन येथे बांधलेली नवी 'विक्रांत' नौदलात दाखल झाली. त्याच दिवशी नौदलास नवे निशाण मिळाले आणि त्यावर शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. मराठी माणसास याचा अभिमान वाटला, तो योग्यच. परंतु निशाणावर महाराजांची मुद्रा घेतली, की त्यांचा विचारही आपणांस मिळाला असे होत नाही. महाराजांनी कल्याण-भिवंडी हाती येताच जहाजे बांधावयास घेतली आणि समुद्रात दुर्ग उभारले. त्यांच्या मनात डोंगर आणि दर्या यांचे राज्य एकच होते. त्यांच्या वारसांनी त्याची दोन राज्ये केली.

अरुण प्रकाश यांचे चरित्र आम्ही मुलांस वाचावयास देऊ इच्छितो, ते चकलालाच्या धाडीच्या रोमांचासाठी तर खरेच; पण त्याहून अधिक, एका दलाचा मनुष्य दुसऱ्या दलात जाऊन लढला, आणि तेथे जे शिकला ते घेऊन परत आला, यासाठी. आमच्या सोपाऱ्याची खाडी एका दिवसात बुजली नाही. मूठमूठ गाळ येत गेला आणि कोणी तो उपसला नाही. दलांमधील, खात्यांमधील, माणसांमधील परकेपणाही असाच मूठमूठ साचतो. तो वेळीच उपसणारी माणसे ज्या राष्ट्रास लाभतात, त्याची बंदरे खुली राहतात.